आगाऊ संपीडन : संकेतस्थळाच्या फायली वेगाने कशा पोचतात

कापसाच्या हंगामात विदर्भातील किंवा खानदेशातील एखाद्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात गेलेल्या माणसास एक गोष्ट सहज दिसून येते. सरकी काढून घेतलेली रुई हलकी आणि फुगीर असते. ती तशीच मालगाडीत भरली, तर डबा भरून जाईल, परंतु माल मात्र थोडाच जाईल. म्हणून ती दाबयंत्रात घालून तिच्या घट्ट गाठी बांधतात. आपल्या देशात एका गाठीत १७० किलोग्रॅम रुई धरण्याचा प्रघात आहे. हे काम माल निघण्यापूर्वी कारखान्यातच उरकलेले असते. गाडी येऊन उभी राहिली म्हणजे मग दाबयंत्र सुरू करावयाचे, असे कोणी करीत नाही.

संगणकाच्या जगात मात्र नेमके असे पुष्कळ ठिकाणी चालते. एखाद्या वाचकाने संकेतस्थळाचे पान उघडले, की त्या पानास लागणाऱ्या फायली ज्या संगणकावरून येतात त्यास सर्व्हर म्हणतात. वाचकाची मागणी येताच सर्व्हर फाईल उचलतो, ती दाबून लहान करतो आणि पाठवितो. पुढच्या क्षणी दुसऱ्या वाचकाची मागणी येते. सर्व्हर तीच फाईल पुन्हा उचलतो, पुन्हा तितकेच श्रम करून दाबतो आणि पुन्हा पाठवितो. दिवसात दहा हजार मागण्या आल्या, तर दहा हजार वेळा एकाच फाईलीवर एकच क्रिया होते आणि दर वेळी उत्तर तेच येते. काही सर्व्हर दाबलेली प्रत काही काळ जपून ठेवतात, हे खरे. परंतु ती पहिल्या वाचकास ताटकळत ठेवून, घाईतच केलेली असते.

ह्यावरील उपाय साधा आहे. ज्या फायली सर्व वाचकांना सारख्याच द्यावयाच्या असतात, म्हणजे पानांचा न बदलणारा मजकूर, पानाचे रूप ठरविणारी शैलीपत्रके, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्ट, रेषाकृती, त्या संकेतस्थळ सिद्ध करतानाच दाबून ठेवाव्यात. संकेतस्थळाचे सुटे भाग एकत्र करून प्रकाशनयोग्य फायली तयार करण्याच्या क्रियेस ‘बांधणी’ म्हणतात. ह्या बांधणीतील शेवटची पायरी म्हणून प्रत्येक योग्य फाईलीची एक दाबलेली प्रत करून तिच्या शेजारी ठेवावयाची. सर्व्हरास मग ती उचलून देण्यापलीकडे काही करावे लागत नाही. ह्या रीतीस आपण आगाऊ संपीडन म्हणू. कापसाच्या गाठीपेक्षा येथे एक सोय अधिक आहे : गाठ एकाच गिरणीत जाते, परंतु एकदा दाबलेली फाईल कितीही वाचकांना देता येते.

भारतीय लिप्यांचा तिप्पट भार

हा विषय केवळ तंत्रज्ञांच्या सोयीचा नाही. भारतीय भाषांत वाचणाऱ्यांशी त्याचा विशेष संबंध आहे. संगणकात प्रत्येक अक्षरचिन्ह अंकांच्या रूपाने साठविलेले असते, आणि साठवणुकीचे एकक बाइट होय. एका बाइटात ० ते २५५ पर्यंतची कोणतीही एक संख्या मावते. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रसृत केलेल्या ‘इस्की’ ह्या मानकात देवनागरीतील बहुतेक चिन्हे एकेका बाइटात बसविली होती. आज जगभर रूढ असलेल्या युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ ह्या पद्धतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट, तर देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. ही पद्धत केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली बसविली. जगातील सर्व लिप्या एका छत्राखाली आल्या हा तिचा मोठा लाभ. त्याचे मूल्य आपल्या लिप्यांनी आकाराच्या रूपाने दिले आहे.

‘पाणी’ हा शब्द घ्या. त्यात प, काना, ण आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे अंक येणेप्रमाणे होतात : २२४-१६४-१७०, २२४-१६४-१९०, २२४-१६४-१६३, २२४-१६५-१२८. एकूण बारा बाइट झाले. त्याच अर्थाचा पाच अक्षरी इंग्रजी शब्द पाच बाइटांत मावतो.

परंतु वरील अंकांकडे पुन्हा पाहावे. प्रत्येक तिकडीचा पहिला अंक २२४ च आहे, आणि दुसरा १६४ किंवा १६५ ह्यांवाचून तिसरा कोणताही नाही. देवनागरीतील सर्व नेहमीच्या चिन्हांविषयी हे खरे आहे. बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मलयाळम ह्या लिप्यांचीही प्रत्येक तिकडी २२४ नेच सुरू होते. म्हणजे तीन बाइटांपैकी पहिला काहीच नवे सांगत नाही आणि दुसरा फारच थोडे सांगतो. जे पुनःपुन्हा तेच सांगते ते संपीडनात जवळजवळ फुकट जाते. तेव्हा आपल्या लिप्यांवर पडलेला तिप्पट भार वाटेवर उतरवून ठेवण्याचे साधन संपीडन हेच आहे. मराठी संकेतस्थळाने ते न वापरणे म्हणजे वाचकाच्या खिशातून विनाकारण पैसे काढणे होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण भ्रमणध्वनीवरून वाचणारा मनुष्य आलेल्या बाइटांचे मोल देत असतो.

वेळेचाही हिशेब करून पाहू. समजा, एक स्क्रिप्ट ३,००,००० बाइटांची आहे आणि वाचकाच्या गावी दर सेकंदास ४,००,००० बिट एवढाच वेग मिळतो. एका बाइटात आठ बिट, म्हणजे एकूण २४,००,००० बिट. त्यांना ६ सेकंद लागतील. तीच फाईल दाबून चौथ्या हिश्शावर आणली, तर दीड सेकंद पुरेल.

वेग चांगला असला, तरीही लहान फाईलीस आणखी एक लाभ होतो, आणि तो सहसा लक्षात येत नाही. जाळ्यावरून माहिती पाठविणारा संगणक आरंभी सर्व फाईल एकदम ओतीत नाही. रस्ता किती रुंद आहे ते त्यास ठाऊक नसते. २०१३ साली सुचविलेल्या व आज सर्वत्र रूढ असलेल्या नियमानुसार तो प्रथम सुमारे दहा पुडकी पाठवितो. प्रत्येकात सामान्यतः १,४६० बाइटांपर्यंत माल असतो. पोच आली, की पुढल्या खेपेस वीस, मग चाळीस, अशी वाढ होते. १,००,००० बाइटांच्या फाईलीस ६९ पुडकी लागतात, म्हणजे तीन खेपा. ती दाबून १४,००० बाइटांवर आणता आली, तर दहा पुडक्यांत, पहिल्याच खेपेत, ती पोचते. ज्या दुर्गम ठाण्यावर जाळे भूस्थिर उपग्रहामार्फत येते, तेथे एका जाण्यायेण्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, कारण तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. अशा ठिकाणी दोन खेपा वाचल्या म्हणजे एक सेकंद वाचला.

दाबणे म्हणजे नेमके काय

क्लॉड शॅनन ह्या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला आणि संदेशातील ‘माहिती’ मोजण्याचे माप दिले. कोणत्याही भाषेत पुष्कळ भाग असा असतो, की तो आधीच्या मजकुरावरून ओळखता येतो. तो काढून टाकला, तरी मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळविता येतो. संपीडन म्हणजे हा अनावश्यक भाग शोधून काढणे.

त्याच्या दोन युक्त्या आहेत. पहिली अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव्ह ह्या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रसिद्ध केली. मजकुरात पूर्वी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा व इतके उतरून घे’ एवढेच लिहावयाचे. शाळेच्या वेळापत्रकातील ही ओळ पाहा :

सोमवारी गणित, मंगळवारी गणित, बुधवारी गणित

मंगळवारातील ‘वारी’ पाशी आल्यावर यंत्रास कळते, की ३९ बाइट मागे हाच मजकूर होता. ‘वारी गणित’, स्वल्पविराम आणि मोकळी जागा मिळून २७ बाइट होतात. तेवढ्यांच्या ऐवजी ‘३९ मागे जा’ ही लहानशी खूण पुरते. यंत्र २७ वर थांबतही नाही. ते २९ बाइट उतरून घेते. पुढे एकीकडे ‘म’ व दुसरीकडे ‘ब’ ही भिन्न अक्षरे आहेत खरी, परंतु त्यांचे पहिले दोन बाइट २२४-१६४ हेच आहेत! यंत्रास अक्षरे दिसत नाहीत, बाइटच दिसतात.

दुसरी युक्ती डेव्हिड हफमन ह्याची. तो मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत शिकत असताना, १९५१ साली, प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी विद्यार्थ्यांना वार्षिक परीक्षा द्या किंवा एका प्रश्नावर निबंध लिहा, अशी मुभा दिली. चिन्हांना सर्वांत किफायतशीर संकेत कसे द्यावेत हा तो प्रश्न होता. ज्याचे पूर्ण उत्तर खुद्द फॅनोंनाही मिळाले नव्हते, ते हफमनला मिळाले, आणि १९५२ साली ते प्रसिद्ध झाले. वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड संकेत व क्वचित येणाऱ्यास लांब संकेत द्यावयाचा, हे तत्त्व तारायंत्राच्या मोर्स लिपीतही होतेच; हफमनने त्याची अचूक रीत सांगितली. ३२ चिन्हांच्या मजकुरात चार निरनिराळी चिन्हे अनुक्रमे २४, ४, २ व २ वेळा येत असतील, तर सरसकट दोन-दोन बिटांचे संकेत दिल्यास ६४ बिट लागतात. हफमनच्या रीतीने त्यांना १, २, ३ व ३ बिटांचे संकेत मिळतात, आणि २४ + ८ + ६ + ६ मिळून ४४ बिटांत काम भागते.

ह्या दोन युक्त्या एकत्र करून फिल कॅट्झ ह्याने ‘डिफ्लेट’ ही पद्धत बनविली. झाँ-लू गेयी व मार्क ॲडलर यांनी १९९२ साली प्रसृत केलेला ‘जीझिप’ हा प्रोग्रॅम तीच वापरतो. जीझिप जास्तीत जास्त ३२,७६८ बाइट मागे पाहू शकतो आणि एका खुणेने ३ ते २५८ बाइट उतरवून घेऊ शकतो.

सावकाश दाबण्याचा लाभ

आगाऊ संपीडनाचे मर्म पुढील गोष्टीत आहे. मजकूर दाबण्यास लागणारे श्रम आणि तो पुन्हा उलगडण्यास लागणारे श्रम सारखे नसतात. दाबताना यंत्रास प्रत्येक जागी प्रश्न पडतो : हा तुकडा मागे कोठे आला होता? अनेक जागी आला असेल, तर सर्वांत लांब कोठे जुळतो? आणि येथे मिळालेला तुकडा घ्यावा, की एक पाऊल पुढे जाऊन त्याहून लांब तुकडा मिळतो का ते पाहावे? जितका शोध अधिक, तितकी फाईल लहान. उलगडणारा मात्र निश्चिंत असतो. त्यास केवळ ‘इतके मागे, इतके उतर’ ही आज्ञा पाळावयाची असते. त्यामुळे दाबणाऱ्याने दहापट कष्ट घेतले, तरी वाचकाच्या यंत्रास उलगडण्याचे श्रम जवळजवळ तेवढेच पडतात.

जीझिपमध्ये श्रमाच्या १ ते ९ अशा पातळ्या आहेत. मागणीच्या क्षणी दाबणारा सर्व्हर वरची पातळी वापरावयास कचरतो, आणि ते योग्यच आहे. ‘एनजिनएक्स’ हा जगभर वापरात असलेला सर्व्हर स्पष्ट सूचना नसेल, तर पातळी १ धरतो, म्हणजे सर्वांत कमी श्रमाची. बांधणीच्या वेळी ही घाई नसते. तेथे दाबण्यास दोन सेकंद लागले किंवा वीस, कोणीही वाचक ताटकळत बसलेला नाही. २०१३ साली गूगलने प्रसृत केलेला ‘झॉप्फ्ली’ हा प्रोग्रॅम केवळ अशाच प्रसंगासाठी लिहिलेला आहे. तो जीझिपच्याच पद्धतीची फाईल देतो, परंतु शेकडोपट वेळ घेऊन ती सुमारे ३ ते ८ टक्क्यांनी आणखी लहान करतो. मागणीच्या क्षणी असा प्रोग्रॅम चालविणे हा वेडेपणा ठरेल. बांधणीत मात्र तो शहाणपणा आहे.

त्याच संस्थेत झालेली ‘ब्रॉटली’ ही पद्धत २०१६ साली मानक म्हणून नोंदली गेली. तिचे नाव स्वित्झर्लंडमधील एका छोट्या पावावरून आले आहे. जीझिपपेक्षा ती कितीतरी अधिक मागे पाहू शकते, आणि तिच्याजवळ १,२२,७८४ बाइटांचा एक तयार शब्दसंग्रहही असतो. तो दाबणारा व उलगडणारा ह्या दोघांपाशी आधीच असल्यामुळे त्यातील शब्द पाठवावा लागत नाही, त्याचा क्रमांक पुरतो. त्यात इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, रशियन, अरबी यांच्याबरोबर हिंदीचेही अंश आहेत; लिपी एकच असल्याने त्यांतील काही मराठी मजकुरासही उपयोगी पडू शकतात. ब्रॉटलीच्या पातळ्या ० ते ११ आहेत. अकरावी पातळी इतकी सावकाश आहे, की ती आगाऊ संपीडनातच शोभते.

देवघेव कशी होते

बांधणी संपल्यावर सर्व्हरापाशी एकाच फाईलीच्या तीन प्रती असतात : मूळ, जीझिपने दाबलेली आणि ब्रॉटलीने दाबलेली. कोणती द्यावयाची हे ब्राउझर सांगतो. प्रत्येक मागणीबरोबर तो ‘अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग’ ह्या मथळ्याखाली स्वतःस उलगडता येणाऱ्या पद्धतींची नावे पाठवितो. सर्व्हर त्यांतील एक निवडतो आणि ‘कन्टेन्ट-एन्कोडिंग’ ह्या मथळ्याखाली आपली निवड कळवितो. ब्रॉटलीचे नाव ब्राउझर केवळ सांकेतिक, म्हणजे सुरक्षित, जोडणीवरच पुढे करतात. काहीच उलगडता न येणाऱ्या साध्या प्रोग्रॅमसाठी मूळ प्रत हाताशी असावीच.

येथे तिसरा मथळा विसरून चालत नाही. सर्व्हर आणि वाचक यांच्यामध्ये बहुधा प्रती साठवून ठेवणारी मध्यस्थ केंद्रे असतात. ‘व्हेरी’ ह्या मथळ्याने त्यांना बजावावे लागते, की ह्या फाईलीचे रूप मागणाऱ्याच्या कुवतीनुसार बदलते. हे न सांगितल्यास एका ब्राउझरासाठी साठविलेली दाबलेली प्रत मध्यस्थ दुसऱ्या, ती न उलगडता येणाऱ्या प्रोग्रॅमला देईल, आणि त्याच्या पदरी निरर्थक चिन्हांचा ढीग पडेल.

कोठे जपावे

सर्वांत मोठा धोका शिळ्या प्रतीचा. एका शाळेच्या संकेतस्थळावर परीक्षेचे वेळापत्रक आहे असे समजा. गणिताच्या पेपरची तारीख चुकली म्हणून लिपिकाने सर्व्हरावरील मूळ फाईल दुरुस्त केली, परंतु शेजारच्या दाबलेल्या प्रती तशाच राहिल्या. सर्व्हर दोहोंतील मजकूर ताडून पाहत नाही. जवळजवळ सर्व ब्राउझर दाबलेली प्रत स्वीकारतात; तेव्हा विद्यार्थ्यांना जुनी, चुकीची तारीखच दिसत राहील. लिपिक मात्र मूळ फाईल उघडून पाहील आणि ‘मी तर दुरुस्ती केली आहे’ असे म्हणेल, व ते खोटेही नसेल. ह्यासाठी नियम असा, की प्रकाशित फाईल हाताने कधीही दुरुस्त करू नये. मूळ साधनात दुरुस्ती करून सगळी बांधणी पुन्हा करावी, म्हणजे तिन्ही प्रती एकदम नव्या होतात. मूळ व दाबलेली प्रत यांची बदलाची तारीख-वेळ एकच ठेवण्याची शिफारसही केली जाते. शैलीपत्रके व स्क्रिप्ट यांच्या बाबतीत आणखी चांगली रीत म्हणजे फाईलीच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा तिच्या नावातच गुंफणे. मजकूर बदलला की नाव बदलते आणि जुनी प्रत चुकून दिली जाण्याचा संभवच उरत नाही.

प्रत्येक फाईल दाबावी असेही नाही. जेपेग व पीएनजी छायाचित्रे, चलचित्रे, ‘वॉफ-२’ प्रकारचे टंक ह्या सर्वांत संपीडन आधीच झालेले असते. वॉफ-२ मध्ये तर ब्रॉटलीच वापरलेली असते. त्यांना पुन्हा दाबणे व्यर्थ. अगदी लहान फाईलही सोडून द्यावी, कारण जीझिप स्वतःच्या नोंदींसाठी निदान १८ बाइट घेतो.

कोणतीही फाईल हमखास लहान करणारी पद्धत निघेल काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. निघणार नाही, आणि ते मोजून सिद्ध करता येते. तीन बिटांचे संदेश आठ प्रकारचे होतात. त्यांहून आखूड संदेश किती? दोन बिटांचे चार, एका बिटाचे दोन आणि रिकामा एक, असे मिळून सात. आठ संदेशांना सात जागांत बसवावयाचे, तर दोघे एकाच जागी येतील आणि उलगडताना कोणता कोणाचा हे कळणार नाही. बिट कितीही घेतले तरी एक जागा कमी पडतेच. काही फायली लहान होतात त्या इतर काही मोठ्या होतात म्हणूनच. आपल्या सुदैवाने माणसाने लिहिलेला मजकूर पहिल्या वर्गात मोडतो.

ज्या पानांवर प्रत्येक वाचकाची खाजगी माहिती असते ती पाने आगाऊ दाबता येत नाहीत, हे उघडच आहे. त्यांना मागणीच्या क्षणी दाबण्यातही जोखीम आहे. दाबलेल्या उत्तराची लांबी मोजून त्यातील गुप्त खूण हळूहळू ओळखता येते, असे २०१३ साली ‘ब्रीच’ नावाच्या हल्ल्याने दाखवून दिले. आपण मुद्दाम घुसविलेला तुकडा गुप्त खुणेशी जुळला, तर फाईल किंचित अधिक दाबली जाते, एवढ्यावरच ती युक्ती उभी होती. सर्वांना सारख्या दिल्या जाणाऱ्या स्थिर फायलींत गुप्त असे काही नसल्यामुळे त्यांना हे भय नाही.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

एखादा मोठा मराठी धडा साध्या मजकुराच्या फाईलीत टंकलिखित करावा आणि तिचा आकार बाइटांत टिपून घ्यावा. तेवढ्याच पानांचा इंग्रजी धडा दुसऱ्या फाईलीत घ्यावा. दोन्ही फायली जीझिपने प्रथम पातळी १ वर व मग पातळी ९ वर दाबाव्यात आणि चारही आकार तक्त्यात मांडावेत. मूळ आकारांतील अंतर आणि दाबल्यानंतर उरलेले अंतर यांची तुलना करावी. भारतीय लिप्यांच्या भाराविषयी वर जे सांगितले ते तक्त्यातच दिसेल. नंतर दाबलेली एक फाईल पुन्हा जीझिपमध्ये घालावी. ह्या दुसऱ्या वेळी आकार सामान्यतः कमी होत नाही, उलट काही बाइटांनी वाढतो. तो किती वाढला हेही त्याच तक्त्यात शेवटच्या रकान्यात नोंदवावे.